मदत हवी आहे: उसाजवळ दिव्यावर येणारा हा शिंगवाला भुंगेरा कोणता?

नमस्कार मंडळी,

वारणाकाठी आमचा ऊस आहे. वळीव झाल्यापासून रात्री विहिरीवरच्या दिव्याखाली हे भुंगेरे पडतायत. रंग गडद तपकिरी, जवळजवळ काळा, अंग चकचकीत, लांबी साधारण २ सेंमी. काहींच्या डोक्यावर आखूड शिंग आणि त्याच्या मागे छातीवर खोलगट खड्डा. बाकीच्यांचं डोकं साधं. शिंगवाले नर असावेत.

गावात याला हुमणीच म्हणतात, म्हणजे पिकाची मुळं खाणारी पांढरी अळी आणि तिचा भुंगेरा. पण आपल्याकडे उसाला त्रास देणाऱ्या मुख्य हुमण्या दोन: माळावरची होलोट्रॅकिया सेरेटा आणि नदीकाठची ल्युकोफोलिस लेपिडोफोरा. दोघींच्याही भुंगेऱ्यांना शिंग नसतं. नदीकाठच्या भुंगेऱ्याच्या अंगावर बारीक खवले असतात, इथे भिंगातूनही एक दिसत नाही. नारळावरचा गेंडा भुंगा म्हणावा, तर तो याच्यापेक्षा कितीतरी मोठा. मात्र वरून पाहिलं की याचे जबडे डोक्याच्या कडेबाहेर दिसतात, म्हणून हा गेंडा भुंग्याच्याच उपकुळातला, म्हणजे डायनॅस्टिनीतला, इथवर मी आलोय. माझा अंदाज फायलोग्नॅथस डायोनिसियसचा आहे. कुणी खात्रीने सांगेल का?

नाव नक्की व्हायला हवं, कारण लोक कडुनिंब-बाभळीच्या फांद्या हलवून भुंगेरे गोळा करतायत, त्याच झाडांवर फवारतायत. होलोट्रॅकिया तिन्हीसांजेला तो पाला खायला येते, तिच्यासाठी हे बरोबरच आहे. हा मात्र मला एकाही फांदीवर सापडलेला नाही. तो पाला खातच नसेल, तर खर्चही वाया आणि झाडावरच्या मधमाश्यांना उगाच विष.

शेणखताच्या खड्ड्यातही इंग्रजी 'सी'सारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या आहेत. त्यातल्या काही पाठीवर उताण्या होऊन सरकतात. त्या सेटोनिनी गटातल्या, फुलांवरच्या भुंगेऱ्यांच्या, म्हणून बाजूला काढल्या. उरलेल्यांच्या शेवटच्या खंडावर, पोटाकडच्या बाजूला, काट्यांची जी नक्षी असते तिचे जवळून फोटो काढलेत. नर-मादीचे वरून, खालून आणि बाजूने काढलेलेही आहेत, सगळे खाली देतोय. आणखी कोणता अवयव दिसायला हवा?

काही नमुने स्पिरिटमध्ये ठेवलेत. पुण्याजवळ आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं (झेडएसआय) केंद्र आहे, तिथे कुणी भुंगेरे ओळखून घेतले असतील, तर नमुन्यासोबत काय माहिती लिहून द्यावी लागते?

आणि सगळ्यात महत्त्वाचं: याची अळी उसाची जिवंत मुळं खाते की नुसतं कुजलेलं खत? कुणी ती कुंडीत पाळून भुंगेरा होईपर्यंत पाहिली असेल तर कृपया सविस्तर लिहा.