शोध समाज बदलतात की समाजच शोधाला वाकवतो?

निशाचर:
परवा मित्राशी कडाक्याचा वाद झाला म्हणून इथे टाकतोय. त्याचं म्हणणं, जगात जे काही खरं बदललं ते शोधांमुळे, चळवळी-बिळवळी सगळ्या मागून येतात. मला बरंचसं पटतं. बोहेमियातला (आजचा चेक देश) धर्मोपदेशक यान हुस चर्चविरुद्ध बोलला, त्याला १४१५ ला जिवंत जाळला. शंभर वर्षांनी, १५१७ ला, जर्मन धर्मगुरू ल्यूथरने चर्चने पापमुक्तीची पत्रं विकण्यावर हल्ला चढवला आणि ते लिखाण काही आठवड्यांत जर्मनीभर पोचलं. मधे काय झालं? गुटेनबर्गचा छापखाना. बोला.

तिरपागडा:
इतकं सोपं नाहीये भाऊ. ल्यूथरच्या पाठीशी सॅक्सनीचा राजा-सरदार फ्रेडरिक होता, त्याने याला किल्ल्यात लपवला नसता तर छापखाना काय वाचवणार होता. आणि हुसला जाळल्यावर त्याची माणसं गप्प बसली का? बोहेमियात पंधराएक वर्षं लढली, पोपने पाठवलेल्या फौजा परतवल्या, तेही एक पान न छापता. बरं, छपाईचे सुटे खिळे (एकेका अक्षराचे वेगळे ठसे) चीनमधे १०४० च्या सुमारासच होते, कोरियात धातूच्या खिळ्यांनी छापलेलं १३७७ चं पुस्तक आजही आहे. तिथे का नाही झाली युरोपसारखी उलथापालथ? हजारो अक्षरांची लिपी, त्यापेक्षा अख्खं पान कोरलेले लाकडी ठसे परवडायचे. म्हणजे कल्पना तीच, समाज वेगळा, निकाल वेगळा.

सांजवात:
तिरपागडा +१. शोध आला की समाज पुढेच जातो हे तुम्ही सगळे धरूनच चाललाय. एली व्हिटनीचं सरकी काढायचं यंत्र बघा, १७९३, अमेरिका. हाताने सरकी काढायला दिवस दिवस जायचा, यंत्राने तेच काम कितीतरी पट वेगात. आता कुणालाही वाटेल की माणसांचे कष्ट वाचले, गुलामगिरी आपोआप ओसरेल. झालं उलटंच, कापूस एवढा फायद्याचा झाला की दक्षिणेत जमिनीमागून जमिनी कापसाखाली गेल्या आणि त्या पिकवायला, वेचायला माणसं लागली कारण वेचायचं यंत्र नव्हतं ना, नुसतं सरकी काढायचं होतं. १७९० ला गुलाम सात लाखांच्या आसपास, १८६० ला जवळपास चाळीस लाख. ती गुलामगिरी संपवायला युद्ध लागलं.

निशाचर:
पण ताई, तो बदलच झाला ना? चांगलाच होतो असं मी कुठे म्हटलं. उलट तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात, एका यंत्राने अख्ख्या देशाचा रस्ता बदलला.

सांजवात:
यंत्राने नाही हो, मळेवाल्यांच्या हावरटपणाने. यंत्र कुणाच्या हातात पडलं हे बघा की.

कोरा_कागद:
मित्राला गर्भनिरोधक गोळीबद्दल विचार. अमेरिकेत १९६० ला मंजुरी मिळाली. पण ती आकाशातून नाही पडली. मार्गारेट सँगर संततिनियमनाच्या हक्कासाठी कितीतरी वर्षं झगडत होती, तुरुंगात जाऊन आली, तिनेच पिंकस या शास्त्रज्ञाला गाठलं, आणि पैसा कॅथरीन मकॉर्मिक या बाईचा, जी बायकांच्या मताधिकारासाठी लढली होती. म्हणजे आधी चळवळ, मग शोध! (त्याच गोळीच्या चाचण्या पोर्तो रिकोतल्या गरीब बायकांवर केल्या, धड काही न सांगता, हेही विसरू नका.) आणि गोळी आल्यावर तरी काय, लग्न न झालेल्यांचा गर्भनिरोधकं मिळवण्याचा हक्क देशभर मान्य व्हायला १९७२ उजाडलं, तेही कोर्टामुळे.

तिरपागडा:
हे भारी. गोळीचं मला माहीतच नव्हतं.

निशाचर:
ठीक आहे, गोळीच्या बाबतीत हरलो. यंत्राच्या बाबतीत नाही. मित्राला सगळं वाचून दाखवलं, तो म्हणतो गोळी नसती तर चळवळ पत्रकं वाटत बसली असती. मी म्हटलं, पत्रकं म्हणजे परत छापखानाच आला की! आता तो खूश आहे आणि मी कोणत्या बाजूला आहे तेच मला कळेना.