इन्स्टॅक्स, पोलरॉइड (लगेच कागदावर फोटो देणारे कॅमेरे): कुणाचे फोटो जमले, कुणाचे पांढरे आले?

लिंबाखाली: काल कपाट आवरताना येळवसेचा (वेळ अमावास्येला शेतात पूजा अन् जेवण असतंय, त्या दिवसाचा) फोटो सापडला. खोपीपुढं आज्जी, हातात आंबिलाचं मडकं अन् तोंड पांढरंफटक. भावानं नाकापाशी जाऊन काढलेला, फ्लॅश थेट तोंडावर. आमच्या जुन्या इन्स्टॅक्स मिनीला निदान 60 सेंमी अंतर लागतंय हे तवा कुणाला ठाऊक? आज्जी म्हणली, "भूत केलास की रे मला." आता ती नाही अन् शेतातला तेवढाच फोटो उरलाय. फिल्मच्या पाकिटात 10च फोटो, म्हणून सगळ्यांचीच शिकवणी महागात गेली असंल. सांगा तुमचं.

गोदाकाठ: बाहेर आलेला फोटो हलवू नका!!! आमच्या मामांनी लग्नात प्रत्येक फोटोला पत्रिकेनं वारा घातला. पालथा ठेवायचा अन् गप बसायचं.

तुरीची शेंग: उन्हाचं कुणी बोलंना. माझा पोलरॉइड, मे मधी तुळजापूरला नेला, सगळे फोटो पिवळे, जशी काही कावीळ. त्याच्या फिल्मला 28 अंशापर्यंतच सोसतंय म्हणे, आपल्याकडं तेवढं तर सकाळी चहालाच असतंय. आता पाकीट फ्रिजमधी ठेवते (वरच्या बर्फाच्या कप्प्यात नाही हां) अन् काढायच्या आधी तासभर बाहेर. सासूबाईंनी मिठाई समजून फोडलं होतं एकदा.

लिंबाखाली: सासूबाई हाहाहा

परभणीकर भौ: अंधार पडल्यावर बीबीच्या मकबऱ्यापुढं दोस्ताचा काढला. दोस्त पांढरा, मकबरा गायब. फ्लॅश अडीच-पावणेतीन मीटरच्या पुढं जातच नाही, दिवसाच जा. अन् इन्स्टॅक्स मिनी 11 अजिंठ्याच्या लेण्यात काढू नका, तिथं फ्लॅशला बंदी अन् ह्याचा बंदच होत नाही

कडबा: भाच्यानं "फोटो किती उरले" बघायला मागचं झाकण उघडलं. वरचे दोन गेले, बाकीच्यांच्या कडा पांढऱ्या. आकडा बाहेरच दिसतो की लेका

रानमेवा: बघायची काच एकीकडं, भिंग दुसरीकडं, म्हणून जवळून काढला की माणूस सरकतो. आमच्या ह्यांचा अर्धा कान गेला. तसाही ऐकायच्या कामाचा नव्हता

तुरीची शेंग: @लिंबाखाली आज्जीचा फोटो उन्हात लावू नका, रंग उडतोय. मोबाईलमधी काढून ठेवा. अन् येळवसेच्या भज्जीत (भजी नव्हं, मिसळीची भाजी) चिंच घालता का तुमच्याकडं?

लिंबाखाली: चिंचेबिगर कसली भज्जी. फोटो आईला दाखवला, बघत बसली लई वेळ. म्हणली, लुगड्याचे काठ तर नीट आलेत की.

कडबा: भज्जीची रेशिपी टाका कुणीतरी