प्रति: खिडक्या मोठ्या, मग हवेची काळजी कशाला?
खिडक्या मोठ्या असल्या की घर हवेशीर, हा वरचा मुद्दा मला अर्धाच पटतो. वारा आत यायचा तर त्याला दुसरीकडून बाहेर पडायला वाट हवी. एकाच भिंतीला खिडक्या असतील तर फ्रेंच विंडोसुद्धा नुसता उजेड देते. नाशिकला पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत हे काम मधला चौक करायचा, तापलेली हवा तिथून वर निघून जायची.

पण डक्टबद्दल, म्हणजे इमारतीच्या आत पाइपांसाठी आणि हवेसाठी सोडलेल्या उभ्या मोकळ्या जागेबद्दल, इथे कुणीच बोललं नाही. आमची इमारत पाथर्डी फाट्याकडची. बाथरूमच्या खिडक्या आणि बहुतेकांच्या स्वयंपाकघरातले एक्झॉस्ट फॅन एकाच डक्टमध्ये उघडतात. पाऊस आणि कबुतरं नकोत म्हणून सोसायटीने डक्टवर पत्रा ठोकला, तोही चहूबाजूंनी बंद. झालं! खालच्यांची मिरचीची फोडणी थेट आमच्या बाथरूममध्ये, आणि जुलै-ऑगस्टात त्या भिंतीवर काळी बुरशी. ओल आणि बुरशीने दमा बळावतो, सासूबाईंचा खोकला तेव्हाच वाढला. कबुतरं एका फटीतून आत शिरून पाइपांवर बसायची ती वेगळीच (त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ सतत श्वासात गेली तर काहींच्या फुप्फुसांना कायमची सूज येऊ शकते, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं). शेवटी दोन मीटिंगा भांडून पत्रा फूटभर उचलून अँगलवर बसवला आणि मोकळ्या बाजूंना जाळी लावली. वास लगेच कमी झाला. बुरशी मात्र गिलावा खरवडूनच काढावी लागली, वरून नुसता रंग मारला की पुढच्या पावसाळ्यात ती परत हजर.