आत्म्यांचे शांतिसंदेश: ऐकायचे की सोडून द्यायचे?

तर्कट (धागाकर्ता)
माध्यमांच्या (म्हणजे मृतांशी बोलतो म्हणणाऱ्या माणसांच्या) तोंडून आलेले विश्वशांतीचे संदेश वाचून वाचून माझं मत पक्कं झालंय: गोलमोल असतात तेव्हा त्यांचा उपयोग नाही, आणि नेमके असतात तेव्हा ते चुकतात. "प्रेमाची स्पंदनं वाढवा, युद्धं आपोआप थांबतील," हे सांगायला परलोकातून कुणी कशाला यायला हवं?

नेमक्याचा नमुना बघा. कॅनडाचे पंतप्रधान मॅकेन्झी किंग टेबलाच्या ठकठकीतून मृतांशी बोलत, हे त्यांच्याच रोजनिशीत आहे. २ सप्टेंबर १९३९ ला वडिलांच्या आत्म्याने कळवलं, हिटलरला गोळी घातली. दुसऱ्या दिवशी ब्रिटनने युद्ध पुकारलं, १० तारखेला कॅनडाने.

सांजवात
एका पंतप्रधानाच्या टेबलावरून सगळ्यांनाच मोडीत काढताय. १८४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यात फॉक्स बहिणींनी ऐकवलेल्या 'आत्म्यांच्या' ठकठकीने मृतांशी बोलण्याची ही लाट सुरू झाली. तेव्हा त्यांना उचलून धरणारे एमी आणि आयझॅक पोस्ट कोण होते माहीत आहे? गुलामगिरीविरोधी कार्यकर्ते. त्याच वर्षी सेनेका फॉल्सला स्त्रीहक्क परिषदेच्या जाहीरनाम्यावर एमीची सही आहे. ज्या काळात बाईने सभेत बोलणंच अगोचरपणा ठरायचा, त्या काळात "मी नाही, आत्मा बोलतोय" म्हणत बायका व्यासपीठावर उभ्या राहिल्या. आत्मा खरा की खोटा ते मी सांगू शकत नाही. पण त्यातून काहीच झालं नाही, हे मला पटत नाही.

उत्तरायण
माझी एक बारीकशी शंका. या संदेशांत नेहमी फ्रँकलिन आणि जेफरसन असे अमेरिकेचे थोर नेतेच का येतात हो? परलोकात कारकून, शिंपी नसतात? :)

तर्कट
@उत्तरायण, हा हा. ब्रिटिश समाजसुधारक रॉबर्ट ओवेनकडे नेमके तेच दोघे यायचे. ऐंशी ओलांडल्यावर, १८५३ मध्ये, तो या नादाला लागला आणि सांगू लागला की जगाला सार्वत्रिक शांततेसाठी तयार करायला आत्मे आलेत. पण ओवेनचं नाव आज निघतं ते स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्कच्या गिरणीमुळे. दहा वर्षांखालच्या मुलांना त्याने कामावर घेणं बंद केलं, १८१६ ला त्यांच्यासाठी शाळा उघडली. सगळं आत्मे भेटायच्या कितीतरी आधी!

@सांजवात, बायकांना आवाज मिळाला, मान्य. पण तो त्यांचाच आवाज होता. श्रेय फ्रँकलिनला का द्यायचं?

मधुघट
मला वेगळीच धास्ती वाटते. १९५४ मध्ये शिकागोजवळ एका बाईला परग्रहवासीयांचे संदेश येत होते: २१ डिसेंबरला महापूर येणार, भक्तांना यान येऊन नेणार. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि सहकारी संशोधक ओळख लपवून त्या गटात शिरले होते. पूर आला नाही, यानही नाही. पहाटे नवा संदेश आला: तुमच्या गटाने इतका प्रकाश पसरवला की देवाने जग वाचवलं. काही भक्तांची श्रद्धा उलट वाढली! शांतिसंदेशांचंही हेच. युद्ध टळलं तर आमच्या ध्यानामुळे, पेटलं तर माणसांनी ऐकलं नाही म्हणून. अशा दाव्याला हरवणार कसं?

सांजवात
हरवायचंच कशाला? ऑलिव्हर लॉजसारखा भौतिकशास्त्रज्ञ माध्यमांचा अभ्यास आधीपासूनच करत होता, पण मुलगा रेमंड १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेल्यावर तो त्याच्याशी बोलायला माध्यमाकडे गेला. लाखो घरांत तेच दुःख होतं. अशा माणसाला "पुढे शांतता आहे" हे शब्द हवे असतात, त्याला तुम्ही पुरावा काय मागताय?

आणि पुराव्याचंच म्हणाल तर १९२८ च्या पॅरिस करारात बड्या राष्ट्रांनी युद्ध वर्ज्य ठरवलं होतं. अकरा वर्षांत महायुद्ध. त्या सह्या करणाऱ्यांना कुणी भोंदू म्हणतं का?

तर्कट
म्हणत नाही, कारण त्या कागदाचा पुढे उपयोग झाला. नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात आक्रमक युद्ध हा गुन्हा ठरवताना तोच करार आधाराला होता. कुणी सही केली, कुणी मोडली, हे लेखी होतं. आत्म्याला जाब कुठे विचारणार?

सांजवात
माध्यमाला विचारा की! मार्गारेट फॉक्सने १८८८ मध्ये सांगितलंच ना, पायाच्या बोटांचे सांधे वाजवून आवाज काढायचो म्हणून.

तर्कट
आणि पुढच्या वर्षी कबुली मागे घेतली. तुम्ही यातलं कोणतं खरं मानता?

सांजवात
ते राहू दे. श्रेय फ्रँकलिनला का, हे तुम्ही विचारलंत. पण आत्म्याचं नाव पुढे केलं नसतं तर त्या बायकांना कुणी बोलू दिलं असतं का, ते आधी सांगा.