जामीन मंजूर होऊनही सुटका नाही; आणि सुटल्यावर देखरेख कोण ठेवते?

लेथवाला (प्रश्न)

माझ्या वर्कशॉपमध्ये चार वर्षे काम करणाऱ्या, मूळच्या नांदेड जिल्ह्यातील एका मुलाला चोरीच्या आरोपाखाली अटक झाली. न्यायालयाने १५,००० रुपयांचा जातमुचलका (आरोपीने स्वतः लिहून द्यायची हमी), तेवढ्याच रकमेचा एक ऐपतदार जामीनदार आणि दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी या अटींवर जामीन मंजूर केला, त्याला आज १९ दिवस झाले. मुलगा अजून आतच आहे. त्याच्या मामांचा सातबारा गावाकडचा असल्याने ‘इथला जामीनदार आणा’ असे सांगण्यात आले. मी जामीन राहिलो तर माझ्यावर नेमकी कोणती जबाबदारी येते? अमेरिकेत आरोपीकडे लक्ष ठेवणारे स्वतंत्र खाते असते असे ऐकले आहे. आपल्याकडे ते काम कोण करते?

काळा कोट

आपल्याकडे ते काम आपणच करायचे असते, लेथवाले! जामीनदार म्हणजे तारखेला आरोपी हजर राहील याची हमी देणारा माणूस. तो गैरहजर राहिला तर बंधपत्र जप्त होते, आपल्याला नोटीस येते आणि समाधानकारक खुलासा न झाल्यास ती रक्कम दंडासारखी वसूल होते. त्याने केलेल्या गुन्ह्याची शिक्षा आपल्याला होत नाही, आणि पुढे विश्वास उरला नाही तर बंधपत्रातून मुक्त करण्याचा अर्जही देता येतो. यापूर्वी आणखी किती जणांना जामीन राहिला आहात, हे मात्र लिहून द्यावे लागेल.

स्थानिक जामीनदाराच्या आग्रहाविषयी सांगायचे तर हा वाद फार जुना आहे. १९७८ साली मोती राम नावाच्या एका गवंड्याला १०,००० रुपयांचा जामीन सांगून, भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याची हमी नाकारण्यात आली होती. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते चूक ठरवून त्याला १,००० रुपयांच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडले. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी पुन्हा निर्देश दिले, त्यांतही स्थानिक जामीनदाराच्या अटीमुळे सुटका लांबते, ती घालू नये असे सुचवले आहे. तरीही सवय सुटत नाही. जामीनदाराच्या ऐपतीचा दाखला मिळेपर्यंत जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरण्याची परवानगी मागणारा अर्ज वकिलांमार्फत आजच द्यावा. बहुतेक वेळा हाच मार्ग लवकर फळतो.

देखरेखीचे म्हणाल, तर ती म्हणजे सोमवारची सही. ज्या ठाण्याने अटक केली तिथेच आरोपीने जायचे आणि अटी पाळल्या की नाही हे तपास अधिकाऱ्याने न्यायालयाला सांगायचे, म्हणजे प्रकरणातला एक पक्षच पहारेकरी होतो. मला ही रचना कधीच पटलेली नाही.

एडिसनकर

मी न्यू जर्सीत राहतो, म्हणून इकडचे सांगतो. १ जानेवारी २०१७ पासून येथे रोख जामीन जवळजवळ संपला आहे. अटकेनंतर न्यायालयाच्याच अखत्यारीतील प्रीट्रायल (खटल्यापूर्वीचे काम पाहणारा) विभाग आरोपीचे वय, प्रलंबित खटले, आधीच्या शिक्षा आणि पूर्वी तारखा चुकवल्या का, अशा नऊ गोष्टींवरून दोन गुणांक काढतो: एक गैरहजेरीच्या शक्यतेचा, दुसरा नव्या गुन्ह्याच्या शक्यतेचा. सरकारी वकिलांनी डांबून ठेवण्याची मागणी केली नाही, तर तुरुंगात आणल्यापासून ४८ तासांत सुटकेचा निर्णय व्हावा लागतो. देखरेखीच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. खालच्या पायरीवर अधिकाऱ्याला ठरावीक काळाने फोन करणे पुरते, वरच्या पायरीवर वारंवार भेटी, आणि सर्वांत वर घोट्याला बांधलेले यंत्र.

हे सारे निर्दोष आहे असे मात्र मानू नये. ज्या वस्तीत पोलीस अधिक धरपकड करतात, तेथील माणसाचा गुणांक आपोआप चढतो, ही टीका येथेही होते.

निवृत्त परिवीक्षा अधिकारी

एडिसनकरांनी सांगितलेल्या व्यवस्थेचे मूळ न्यूयॉर्कमधील १९६१ च्या मॅनहॅटन बेल प्रोजेक्ट या जामीनविषयक उपक्रमात आहे. तेथे नोकरी, घर, नातेवाईक यांची चौकशी करून, पैसे न घेता कोणाला सोडता येईल याची शिफारस न्यायाधीशांना केली जाई. १९७९ साली हुसैनआरा खातून प्रकरणात न्यायमूर्ती भगवती यांनी जवळपास हेच निकष आपल्याकडे मांडले, पण ती माहिती गोळा करून पहिल्या रिमांडच्या दिवशी न्यायाधीशांपुढे ठेवणारे कार्यालय काही उभे राहिले नाही. आम्ही परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) असे अहवाल लिहीत असू, परंतु १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली, म्हणजे दोष सिद्ध झाल्यानंतर.

२०२३ च्या निर्देशांनी मात्र एक फट उघडली आहे. जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या (मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या यंत्रणेच्या) सचिवांना कळवायचे, आणि सचिवांनी परिवीक्षा अधिकारी किंवा विधी स्वयंसेवकामार्फत आर्थिक-सामाजिक अहवाल तयार करवून अट शिथिल करण्यासाठी तो न्यायालयापुढे ठेवायचा. आपल्या मुलाचे तर १९ दिवस झाले आहेत! सचिवांना लेखी अर्ज द्या. पगाराच्या नोंदी, खोलीचा भाडेकरार आणि ‘सुटल्यावर कामावर परत घेईन’ असे आपले पत्र जोडा. अहवालात शेवटी हेच लिहिले जाते.

लेथवाला

सर्वांचे आभार. पगाराची वही आणि भाडेकरार काढून ठेवला आहे. रोख रकमेचा अर्ज उद्या सकाळी वकील देणार आहेत, दुपारी मी प्राधिकरणाच्या कार्यालयात जातो. सोमवारच्या हजेरीऐवजी रविवार मिळू शकेल का, हेही त्याच अर्जात विचारावे काय? सोमवारी आमच्याकडे माल चढतो.

काळा कोट

विचारा. कामाचे कारण स्पष्ट लिहा, आणि तोपर्यंत सोमवार चुकवू देऊ नका.