मदत हवी आहे : पावसाळ्यात मिथेन वाढतो की घटतो? (इंदूर, शाळेचा प्रकल्प)

नमस्कार मंडळी. भाचा अकरावीत आहे, प्रकल्पाला त्याने 'हवामान आणि मिथेन' हा विषय घेतलाय. घरात विज्ञान शिकलेला मीच, म्हणून धोंड माझ्या गळ्यात.

सेंटिनेल-५पी उपग्रहावरच्या ट्रोपोमी उपकरणाचे आकडे फुकट मिळतात. ते उतरवून त्याने गंगेच्या खोऱ्यापासून आपल्या माळव्यापर्यंतच्या पट्ट्याचा आलेख काढला. पावसाळ्यात ढगांमुळे आकडे विरळच, पण जे आहेत ते ऑगस्ट-सप्टेंबरला चढलेले. पटतं, साचल्या पाण्याखालच्या चिखलातून मिथेन निघतो आणि भातखाचरं तेव्हाच तुडुंब असतात. पण गोव्यात काबो द रामाला १९९३पासून हवेचे नमुने घ्यायचे, तिथलं चित्र उलटं : पावसाळ्यात सगळ्यात कमी, हिवाळ्यात जास्त. पोरगा विचारतो, "मामा, खरं कोणाचं?"

दुसरं. जानेवारीत पहाटे खान नदीच्या पुलावर नाक धरावं लागतं, दुपारी तिथेच काही जाणवत नाही. तो वास मिथेनचा नव्हे, मिथेनला वासच नसतो, हे ठाऊक आहे. पण वास कोंडतो तर मिथेनही कोंडत असणार ना? मग उपग्रहाच्या आकड्यांत थंडीतला तो फुगवटा का नाही?

(एमक्यू-४ हा स्वस्त वायू-सेन्सर घ्या असं कृपया सुचवू नका. शेकडो पीपीएमच्या (दशलक्ष भागांत किती भाग) खाली तो आंधळा, आणि मोकळ्या हवेत मिथेन दोन पीपीएमच्या आसपास.)

वातकुक्कुट : दोन्ही खरं. गोव्याच्या बाटलीत जमिनीलगतची हवा भरते, उपग्रह जमिनीपासून वरपर्यंतच्या अख्ख्या स्तंभाची सरासरी काढतो. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर येणारी हवा विषुववृत्त ओलांडून, दक्षिण हिंदी महासागरावरून आलेली असते. तिकडे जमीन थोडी, मिथेनचे उगमही थोडे, म्हणून ती हवा मुळातच स्वच्छ. खालच्या थरात तीच भरते. त्याच सुमाराला खाचरांतला मिथेन पावसाळी ढगांच्या उचलीबरोबर दहा-बारा किलोमीटर वर जातो आणि तिबेटच्या बाजूला उंचावर जे मोठं प्रत्यावर्त (घड्याळाच्या दिशेने फिरणारा वाऱ्यांचा प्रचंड भोवरा) बसलेलं असतं, त्यात फिरत राहतो. गोव्याच्या बाटलीला तो कुठून दिसणार!

पहाटेचं म्हणाल तर निरभ्र रात्री जमीन निवते, तिला लागून असलेली हवाही निवते, आणि वरच्या उबदार हवेचं झाकण बसतं. वारा पडलेला असला की नदीतून, गटारांतून निघालेलं सगळं शे-दोनशे मीटरांत अडकतं. ऊन तापलं की तोच थर किलोमीटरभर किंवा जास्त वाढतो. ट्रोपोमी डोक्यावर येतो दुपारी दीडच्या सुमारास, तोवर झाकण कधीच उडालेलं असतं. आणि पहाटे आला असता तरी मोठा फरक दिसला नसता. खाली कोंडलेला थर पूर्ण स्तंभाच्या मानाने फारच पातळ.

धागाकर्ता : वा, आता डोक्यात उजेड पडला! भाच्याने निष्कर्षात 'जोराच्या वाऱ्याने मिथेन नष्ट होतो' असं लिहिलंय. खोडायला सांगू?

वातकुक्कुट : सांगाच. वारा पांगवतो, बस. मिथेनला संपवतो मुख्यतः हायड्रॉक्सिल, म्हणजे हवेतला एक अतिक्रियाशील घटक, जो उन्हात ओझोन आणि बाष्पापासून तयार होतो. त्यालाही सरासरी नऊएक वर्षं लागतात, एका दुपारी इंदुरात काय संपणार?

मालवी माणूस : भिया, आलेखात वाऱ्याचा वेग घातल्याशिवाय प्रकल्प अर्धाच. उगमावरून वारा ज्या बाजूला जातो तिथे मिथेन तेवढाच वाढलेला दिसला, पण वारा दुप्पट असला, तर उगमही साधारण दुप्पट धरावा लागतो. देवगुराडियाच्या कचरा-केंद्रासारख्या एखाद्या जागेचा हिशेब मात्र यातून मांडू नका, ट्रोपोमीचा एक ठिपकाच पाच-सात किलोमीटरांचा. वारा ईआरए५मधून (युरोपीय हवामान केंद्राचा जगभरच्या हवामानाचा आकडेसंच) घ्या, तासातासाचा मिळतो.

धागाकर्ता : त्यासाठी अख्ख्या जगाची फाइल उतरवावी लागते का? घरचं नेट रडतं.

मालवी माणूस : नाही हो. अक्षांश-रेखांश टाकून हवा तेवढाच तुकडा मागता येतो. आधी एकाच महिन्याचा मागा. आणि वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, साडेपाच तास मिळवायला सांगा पोराला, नाहीतर दुपारचा वारा सकाळीच वाहील.