आठवड्यातून चार दिवस थोडी थोडी दारू घेतली तर डायबेटिस टळतो का?

सिंहगडरोडकर

धाकट्या भावाबद्दल विचारायचं आहे. वय ४३, आनंदनगरला राहतो, नोकरी हिंजवडीत, म्हणजे अर्धा दिवस खुर्चीत आणि उरलेला गाडीत. ऑफिसच्या तपासणीत एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ६.१ आलं. उपाशीपोटी साखर ११४, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) २३८. डॉक्टर म्हणाले प्रीडायबेटिस आहे, म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर, पोट कमी करा. आमच्या अण्णांना डायबेटिस होता. त्यांच्या पायाची जखम शेवटपर्यंत भरली नाही, ड्रेसिंग आई आणि मी आलटून-पालटून करायचो. त्यामुळे ६.१ हा आकडा मला किरकोळ वाटत नाही.

भाऊ पूर्वी फक्त शुक्रवारी बसायचा, घरीच, गच्चीवर. चार लार्ज व्हिस्की. श्रावण कडक पाळतो, गणपती बसून विसर्जन होईपर्यंत थेंब नाही. मग कुणीतरी त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर बातमी पाठवली की आठवड्यातून तीन-चार दिवस पिणाऱ्यांना डायबेटिसचा धोका कमी असतो, डेन्मार्कमध्ये संशोधन झालंय. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार दोन-दोन लार्ज. "ताई, एकदम चार घेण्यापेक्षा हे बरं ना," म्हणतो. भावजय सांगते की ७५० मिलीची बाटली आधी तीन आठवडे जायची, आता दहा-अकरा दिवसांत संपते.

बातमी खरी आहे का? आणि खरी असली तरी त्याला लागू पडते का? "दारू वाईट" एवढंच म्हटलं की तो उठून जातो. तो आकड्यांचा माणूस आहे, त्याच्यापुढे आकडेच ठेवावे लागतील. कुणाला नीट माहिती असेल तर कृपया लिहा.

तळजाईची पायवाट

ताई, बातमी खोटी नाही. २०१७ मध्ये 'डायबेटोलॉजिया' या नियतकालिकात तो अभ्यास आला. डेन्मार्कमधल्या ७० हजारांहून जास्त लोकांनी २००७-०८ मध्ये प्रश्नावली भरली होती, पुढे साधारण पाच वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. आठवड्यातून एका दिवसापेक्षाही कमी वेळा पिणाऱ्यांच्या तुलनेत तीन-चार दिवस पिणाऱ्या पुरुषांत धोका २७ टक्के कमी दिसला, बायकांत ३२ टक्के.

पण ही पाहणी होती, प्रयोग नव्हे. कुणालाही "आजपासून चार दिवस प्या" असं सांगून बघितलेलं नाही. किती पितो हेही लोकांनी स्वतःच सांगितलेलं. शिवाय कमी धोका ठळकपणे दिसला तो वाइनमध्ये, पुरुषांत काही प्रमाणात बिअरमध्ये. व्हिस्की-रमसारख्या कडक दारूचा पुरुषांना तसा फायदा दिसला नाही, आणि आठवड्याला कडक दारूची सात किंवा जास्त ड्रिंक घेणाऱ्या बायकांत तर धोका वाढलेला होता. तुमचा भाऊ व्हिस्की घेतो, हे त्याला आधी सांगा.

दुसरं, शरीरं वेगळी. २०१५ मध्ये ३८ अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा मध्यम पिण्याचा फायदा बायकांपुरता आणि आशियाई नसलेल्या लोकांपुरताच असावा, असं निघालं. तुमचा भाऊ पुरुष आणि आशियाई, दोन्हीकडून बाहेर. आपण पुण्याचे लोक हे जास्त समजून घ्यायला हवं, कारण इथल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आयुष्यभर यावरच काम केलं. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि त्यांच्या एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३. चरबी मात्र ब्रिटिश माणसाच्या अंगात ९.१ टक्के आणि डॉ. याज्ञिकांच्या अंगात २१.२. बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसाच्या पोटात आणि यकृतात चरबी लवकर साठते. त्यावर अल्कोहोल म्हणजे यकृताला दुसरं ओझं. ट्रायग्लिसराइड्स २३८ तेच सांगत असण्याची शक्यता मोठी आहे.

आता हिशेब. ६० मिलीच्या लार्जमध्ये साधारण २० ग्रॅम अल्कोहोल. ग्रॅमला ७ कॅलरी, म्हणजे नुसत्या दारूच्या १४० कॅलरी, कोल्ड्रिंक आणि चखणा वेगळा. आधी आठवड्याला ८० ग्रॅम होत होतं, आता १६०. त्याने दारू दिवसांत वाटून घेतली नाही, दुप्पट केली. भावजयीची बाटली बरोबर तेच सांगतेय.

त्याला २७ टक्के आवडत असतील तर दुसरा आकडा द्या. २००६ मध्ये आलेल्या भारतातल्याच अभ्यासात प्रीडायबेटिस असलेल्या आपल्या लोकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले होते. ज्यांनी रोज चालणं आणि जेवणात बदल केला, त्यांच्यात डायबेटिस होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं. डेन्मार्कइतकाच आकडा, पण प्रयोग करून मिळालेला, आपल्या शरीरांवर आणि दारूशिवाय.

लॅबवाली

मी रक्त तपासणीच्या क्षेत्रात आहे, एक गोष्ट सुचवते. तो श्रावण पाळतो हे फार चांगलं. श्रावणाच्या आधी उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी), जीजीटी आणि एसजीपीटी (यकृताच्या तपासण्या) करून घ्या, आणि विसर्जनानंतर प्यायला बसण्याआधी पुन्हा. दारूमुळे वाढलेलं जीजीटी आणि ट्रायग्लिसराइड्स काही आठवड्यांत खाली येतात. स्वतःच्या रिपोर्टवर दोन आकडे शेजारी दिसले की पटतं. रक्त देताना १२ तास उपाशी आणि आदल्या दिवशी दारू नाही. एचबीएवनसी मात्र मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी असते, ती घाईने करू नका.

मुळशीकर काका

वरचं सगळं बरोबर आहे. त्यात एक भर घालतो, कारण याची मला खरी काळजी वाटते. उद्या त्याला ग्लिमेपिराइडसारखी साखर कमी करणारी गोळी किंवा इन्सुलिन सुरू झालं तर हेच चार दिवस जास्त धोक्याचे. यकृत दारू काढण्यात गुंतलं की साखर बनवायचं काम मागे पडतं आणि रात्री शुगर खाली जाते. माझ्या मेहुण्याला रिकाम्या पोटी दोन पेग घेतल्यावर रात्री दरदरून घाम सुटला, बोलणं अडखळायला लागलं. सगळ्यांना वाटलं चढली. बहिणीने मशीन लावलं तर ४८. साखरेचं पाणी पाजलं म्हणून वाचला. घरातल्या सगळ्यांना हे माहीत असू द्या.

सिंहगडरोडकर

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काल त्याच्याकडे गेले होते. भावजयीने बाटलीवर तारीख लिहिलेली होतीच, मी फक्त ८० आणि १६० कागदावर मांडले. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "दुप्पट होतंय हे लक्षातच आलं नाही." सोमवार-बुधवार बंद करतो म्हणालाय. शुक्रवारचं अजून मान्य नाही. सकाळी लवकर तळजाई टेकडीवर चालायला यायला तयार आहे, मी बरोबर जाणार. एकच विचारायचं राहिलं: शुक्रवारी घेणारच असेल तर कमीत कमी नुकसान कसं करावं?

तळजाईची पायवाट

आधी जेवण, मग पेग. ३० मिलीचं माप घरात आणा, अंदाजाने ओतू देऊ नका. दोन लार्जऐवजी दोन स्मॉल, सोबत पाणी किंवा साधा सोडा, कोल्ड्रिंक नाही. फरसाण-लॉलीपॉपऐवजी काकडी, मोड आलेले मूग, पनीर. आणि डॉक्टरांना दारूचं प्रमाण खरं सांगायला लावा, रिपोर्ट वाचताना त्यांना ते लागतं.

लॅबवाली

जिथे कराल तिथे दोन्ही वेळा एकाच लॅबमध्ये करा, नाहीतर आकड्यांची तुलना नीट होत नाही.